टोकनवरची पक्कड, पिशवीतली पक्कड

सेफ्टी वायरची पक्कड दुकानात जाऊन, हातात तोलून, निवडून घ्यायची वस्तू आहे हे मला अर्धी नोकरी होईपर्यंत ठाऊकच नव्हतं. ती टूलरूमच्या खिडकीतून यायची. नंबर ठोकलेलं पितळी टोकन आत सरकवायचं, पक्कड घ्यायची, भोंग्याआधी परत करायची आणि टोकन खिशात टाकून घरी यायचं. घणसोली गावातला माझ्या वयाचा फिटर हा असा होता: हातात कसब, पण हत्यार एकही स्वतःचं नाही.

आमच्या आधीच्यांचं तसं नव्हतं. विळा, जाळं, वल्हं, सगळं ज्याचं त्याचं. गाव ठाणे खाडीच्या काठचं, आगरी-कोळ्यांचं. भातशेती, खाडीतली मासळी आणि मिठागरं यांवर चालणारं. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहू लागले. १९६८ साली नोसिलचा नाफ्था क्रॅकर सुरू झाला, वर्षाला ६० हजार टन इथिलीनचा. त्याआधी दोन वर्षं खाडीपलीकडे ट्रॉम्ब्यात युनियन कार्बाइडचा सुरू झाला होता, तो २० हजार टनांचा. म्हणजे देशातला पेट्रोकेमिकल उद्योग आमच्या बांधाला येऊन टेकला होता. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, उरलेल्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात उरण परिसरात पाच जण गोळीबारात गेले, पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. हे सगळ्यांना माहीत आहे. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पोरांच्या हाती काय आलं, हे कमी बोललं जातं. पुष्कळांच्या हाती पाना आला.

मी रस्त्यापलीकडच्या एका केमिकल कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागलो, कॉम्प्रेसर विभागात. पिस्टनचा कॉम्प्रेसर रात्रंदिवस धडधडतो आणि धडधडणाऱ्या यंत्रात बोल्ट हळूहळू सैल होऊ पाहतो. म्हणून आतल्या बोल्टांच्या डोक्यांना आरपार भोकं असतात. त्यातून स्टेनलेसची तार ओवायची, दोन्ही पदर एकत्र पिळायचे आणि शेजारच्या बोल्टात अडकवायचे. ओढ अशी की एक बोल्ट सुटू लागला तर तारेने दुसरा घट्ट व्हावा. ही विद्या विमानाच्या इंजिनांवर वाढली. तिचे आकडेही तिकडचेच: ०.८ मिलिमीटरच्या तारेला इंचाला सहा ते आठ पीळ. बोल्ट चार-सहा इंचांवर असतील तर एका तारेत तीनच्या पुढे नाही. जवळजवळ असतील तर एकूण तार दोन फुटांच्या आत. काढलेली तार पुन्हा वापरायची नाही. आणि तार बोल्ट घट्ट करत नाही, ते काम टॉर्क पान्याचं. तार फक्त त्याला मागे फिरू देत नाही. हा फरक न कळलेले इंजिनिअरही मी पाहिले आहेत.

आमचे सीनियर साध्या पकडीनेच पिळायचे. त्यांतले एक काका लहानपणी होडीचे दोर वळत. त्यांचे पीळ मोजून पाहावे इतके सारखे. मी जोर लावला की म्हणायचे, “आरं, कवरा पिलतस? तुटंल ती!” जास्त पिळलेली तार कडक होते आणि यंत्राच्या थरथरीने पिळाच्या मुळाशी तुटते, हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

मग टूलरूममध्ये ट्विस्टर, म्हणजे तार पिळणारी खास पक्कड, आली. तोंडात तार धरायची, दांड्यावरची कडी सरकवून ती पकड तिथेच कुलूपबंद करायची आणि मागचा नॉब ओढायचा; मधल्या दांडीवरच्या मळसूत्राने पक्कड स्वतःभोवती फिरते. दहा मिनिटांचं काम दोन मिनिटांत. काकांनी ती एकदा फिरवून पाहिली आणि साहेब येणार असतील तेव्हाच वापरली.

पट्ट्याचे दिवस पुढे फिरले. मोठे पेट्रोकेमिकल प्लँट बंद पडले, कायम कामगारांना व्हीआरएसचे कागद मिळाले. नोसिल नाका हे नाव रिक्षावाल्यांच्या तोंडी राहिलं. फिटर मात्र संपले नाहीत, ते ठेकेदाराकडे गेले. मीही गेलो. वार्षिक शटडाऊन आलं की बोलावणं, पंधरा-वीस दिवस दिवसरात्र काम, मग घरी. ठेकेदार पहिला प्रश्न विचारायचा: “टूल आहेत ना तुमचे?” टोकन गेलं आणि पिशवी आली. माझ्या मते आमच्या गावातल्या कामगाराचा इतिहास लिहायचा तर एवढी एक गोष्ट पुरेशी आहे: हत्याराचा खर्च कधी कारखान्याकडून कामगाराकडे आला. पक्कड निवडण्याचं स्वातंत्र्य आम्हाला नोकरी गेल्यावर मिळालं.

मग मुंबईच्या हत्यारबाजारात, नागदेवी स्ट्रीटला फेऱ्या सुरू झाल्या. तिथला दुकानदार आधी चकचकीत माल पुढे करतो. रे रोडजवळच्या दारूखान्यात तोडलेल्या जहाजांचं सामान येतं, तिथे एखादी परदेशी पक्कड मिळून जायची, दांडे काळे पडलेले पण तोंड शाबूत. मी माझी पहिली तिथेच घेतली, नऊ इंची. सहा इंची हलकी असते, बारीक तारेला आणि अडचणीच्या जागी बरी. कॉम्प्रेसरच्या कामाला नऊच हवी.

दोन्ही बाजूंना फिरणारी घ्या, हे मी हट्टाने सांगतो. पहिल्या बोल्टापासून दुसऱ्यापर्यंत एका दिशेने पिळलं की पुढचा तुकडा उलट दिशेने पिळावा लागतो, नाहीतर डोक्याभोवतीचा वेढा वर सरकतो. एकाच दिशेची पक्कड स्वस्त पडते आणि दुसऱ्या बोल्टापाशीच अडते. जबड्याच्या कडा बोथट हव्यात. धारदार कड तारेवर ओरखडा पाडते आणि तार तिथूनच जाते. कापणारी धार स्टेनलेसला पुरणारी हवी, तांब्याच्या तारेवर दाखवलेला नमुना फसवतो. काही पकडींत धारेजवळ रबराची गादी असते, कापलेला तुकडा ती धरून ठेवते. उघड्या गिअरबॉक्सवर काम केलेल्याला तिची किंमत सांगावी लागत नाही.

आता गावातली पोरं ऑनलाइन मागवतात. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून विमान मेंटेनन्सच्या कोर्सची चौकशीही वाढली आहे, आणि त्यातले काही जण पिळाचा सराव करायला घरी येतात. डबा उघडला की मी आधी नॉब चार वेळा ओढायला लावतो. तो आपणहून, न अडखळता आत गेला पाहिजे. मग कडी लावून दांडे दाबायचे, कुलूप घसरता कामा नये. शेवटी जबडा मिटून खिडकीकडे धरायचा. टोकाशी उजेड दिसला, तर परत पाठवायची मुदत संपायच्या आत पार्सल पुन्हा बांधायचं.