गुरांतील रक्तक्लथन-विकारांचे जीन परीक्षण

रक्त साखळण्यास आवश्यक असलेली प्रथिने जन्मतःच कमी असल्यास गुरांत आनुवंशिक रक्तस्रावी विकार उद्भवतात. त्यांपैकी अकराव्या क्लथन घटकाची न्यूनता होल्स्टीन गुरांत १९६९ मध्ये अमेरिकेतील ओहायओ राज्यात प्रथम नोंदली गेली. विकारी वासराच्या नाळेतून किंवा शिंगे काढल्यावर जखमेतून रक्त दीर्घकाळ वाहते. कित्येक विकारी जनावरांत मात्र बाह्य लक्षणे दिसत नाहीत.

हा दोष अप्रभावी जीनामुळे येतो. त्याची एकच प्रत असलेली वाहक जनावरे निरोगी दिसतात. परंतु वाहक वळू व वाहक गाय यांच्या संततीत सरासरी २५% वासरे विकारी व ५०% वाहक निपजतात. शुक्राणू गोठवून टिकविण्यास ग्लिसरीन उपयुक्त असल्याचे १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये आढळले. पुढे गोठविलेल्या वीर्यामुळे एकाच वळूची संतती हजारोंनी वाढू लागली आणि त्याचा सुप्त दोषही दूरवर पसरण्याचा धोका निर्माण झाला.

आरंभी रक्तद्रवातील या घटकाची क्रियाशीलता मोजून वाहक ओळखीत; पण वाहक व निर्दोष जनावरांची मूल्ये काही अंशी सारखीच येत असल्याने निदान संदिग्ध राही. २००४ मध्ये या जीनाच्या बाराव्या एक्झॉनात ७६ क्षारक-जोड्यांचा जादा तुकडा असल्याचे दाखविण्यात आले. पॉलिमरेज शृंखला विक्रियेने हा भाग वाढविला असता निर्दोष जनावरात २४४, विकारी जनावरात ३२० आणि वाहकात दोन्ही लांबीचे खंड मिळतात.

वाहक गायीस निर्दोष वळूचे वीर्य वापरल्यास विकारी वासरू जन्मत नाही. म्हणून चांगल्या दुधाळ गायी कळपातून काढाव्या लागत नाहीत. मात्र वाहक वळू वेळीच ओळखणे अगत्याचे असते.