शिशाची पेटी आणि चार हलके घट

पनवेल तालुक्यातील तळोजा औद्योगिक वसाहतीत शिसे-आम्ल बॅटऱ्या बनवणारा एक कारखाना आहे. तो मूळचा स्टँडर्ड बॅटरीज या कंपनीचा. १९९८ मध्ये तो एक्साइडकडे आला. तेथून जवळच, कळंबोलीला, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. या रस्त्यावरून रोज हजारो मोटारी जातात आणि त्यांतील बहुतेक प्रत्येक मोटार शिशाची एक जड पेटी बरोबर वाहून नेत असते. मोटारीत शेकडो सुधारणा झाल्या, मग ही पेटी तशीच का राहिली? आणि ज्या वेगवान मोटारींनी ती काढून टाकली, त्यांनी काय साधले?

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे सौम्य गंधकाम्लात ठेवून पुन्हापुन्हा भारित करता येणारा पहिला घट तयार केला. १८९९ मध्ये कामीय जेनात्झी यांनी पॅरिसजवळ विजेवरच चालणारी मोटार ताशी १०५.८८ किलोमीटर वेगाने पळवली. ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ओलांडणारी ती पहिली मोटार. परंतु लांबच्या प्रवासात शिशाचे ओझे पेट्रोलपुढे टिकले नाही.

बॅटरीला मोटारीत कायमची जागा मिळाली ती वेगळ्याच कामासाठी. पूर्वी इंजिन सुरू करायचे तर पुढून लोखंडी हँडल घालून ते फिरवावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत आला आणि हँडलची गरज हळूहळू संपली.

आता थोडे गणित करू. स्टार्टरने १० व्होल्टवर २०० अँपिअर प्रवाह ३ सेकंद घेतला असे समजू. खर्च झालेली ऊर्जा ६,००० ज्यूल, म्हणजे सुमारे १.७ वॉट-तास. मोटारीतील १२ व्होल्ट, ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीत मात्र ७२० वॉट-तास ऊर्जा मावते. घोटभर पाण्यासाठी हंडा वाहून न्यावा तसाच हा प्रकार! याची कारणे दोन. एक म्हणजे, क्षणभर का होईना, फार मोठा प्रवाह हवा असतो आणि त्यासाठी शिशाच्या पट्ट्यांचे क्षेत्रफळ मोठे लागते. दुसरे म्हणजे ही बॅटरी पुरती रिकामी करून चालत नाही. तशा अवस्थेत ती पडून राहिली, तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची धारणशक्ती घटते.

शर्यतीच्या धर्तीवर बनणाऱ्या मोटारींत एकेक किलो मोलाचा असतो. जर्मनीच्या पोर्श कंपनीने २०१० पासून आपल्या काही मोटारींसाठी लिथियम-आयन बॅटरी देऊ केली. तिचे वजन ६ किलोपेक्षा कमी, म्हणजे ६० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीपेक्षा १० किलोहून अधिक हलके.

लिथियम हा सर्वांत हलका धातू, म्हणून बॅटरी हलकी, असे उत्तर आपण चटकन देतो. ते पुरेसे नाही. या नव्या बॅटरीची धारणशक्ती केवळ १८ अँपिअर-तास होती. सुमारे १३ व्होल्टने गुणले तर २३४ वॉट-तास. ६ किलोने भागले तर दर किलोमागे साधारण ४०. शिशाच्या बॅटरीचे ७२० वॉट-तास १६ किलोंनी भागले तर ४५. म्हणजे कागदावर दोघी जवळजवळ सारख्याच! खरा फरक वापरात होता. कंपनीच्या म्हणण्यानुसार शिशाच्या बॅटरीची प्रत्यक्षात सुमारे ३० टक्केच धारणशक्ती कामी येते, तर लिथियमची जवळजवळ सगळी. ६० चे ३० टक्के किती? बरोबर १८. बॅटरी हलकी झाली ती न वापरला जाणारा भाग वगळल्यामुळे.

यासाठी लागणारे रसायनही सहज मिळाले नाही. जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडचे धनाग्र मांडले; त्यावर आधारलेली बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. पण तिचा एक घट भरताना ४.२ व्होल्ट लागतात. तीन घटांचे १२.६ होतात, चारांचे १६.८. मोटारीचा जनित्र मात्र साधारण १४ व्होल्ट देतो, त्यामुळे दोन्ही जुळत नाहीत. १९९७ मध्ये गुडइनफ यांनी अक्षय पाढी व नंजुंडस्वामी या भारतीय संशोधकांबरोबर लिथियम-आयर्न फॉस्फेटवरील निबंध प्रसिद्ध केला. त्याचा घट सुमारे ३.६ व्होल्टवर भरतो. चार घटांचे १४.४. शिशासाठी आखलेल्या मोटारीत तो असा नेमका बसला. शिवाय हे रसायन उष्णतेने सहजासहजी भडकत नाही. ते विजेचे मंद वाहक आहे. पण त्याच्या सूक्ष्म कणांवर कार्बनचा लेप देऊन संशोधकांनी ही अडचणही दूर केली.

तरीही पोर्शने नव्या बॅटरीबरोबर शिशाची जुनी बॅटरीही दिलीच, कारण गोठणबिंदूखाली लिथियमची ताकद मंदावते. पनवेलला ती चिंता नाही. मात्र आपल्याकडे उष्णता आहे आणि ती दोन्ही बॅटऱ्यांचे आयुष्य कमी करते. शिवाय लिथियमचा प्रत्येक घट ठरलेल्या मर्यादेत ठेवणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण लागते, आणि त्याने किंमत वाढते. शिसे स्वस्त आहे, वितळवून पुन्हा वापरता येते. पण हे काम उघड्या भट्टीत केले, तर आसपासच्या मुलांच्या रक्तात विष भिनते.

म्हणून ‘नवे आले, जुने गेले’ इतका हा इतिहास सरळ नाही. शिक्षकांनी वर्गात एखाद्या मोटारीच्या बॅटरीवरील आकडे मुलांना वाचायला सांगावेत आणि विचारावे : यातले प्रत्यक्ष वापरात किती येते? उरलेले आपण कशासाठी वाहून नेतो?