साहेबाच्याच वहीतला पुरावा

हिंदुस्थान दरिद्री होत चालला आहे, ही गोष्ट दादाभाई नौरोजींना राज्यकर्त्यांच्या गळी उतरवायची होती. पण नुसते गाऱ्हाणे कोण ऐकतो? ‘पुरावा काय?’ असे साहेब विचारणारच. एके काळी गणिताचे प्राध्यापक असलेल्या दादाभाईंनी मग सरकारचीच दप्तरे उघडली. पीकपाण्याच्या सरकारी आकड्यांवरून १८६७ ते १८७० या काळातले उत्पन्न त्यांनी माणशी वर्षाला अवघे २० रुपये काढले. शेजारी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा सरकारी खर्च मांडला. तो जास्तच भरला! म्हणजे राबणाऱ्या रयतेपेक्षा कैदी बरा. १८७६ मध्ये हा हिशेब त्यांनी मुंबईत वाचून दाखवला. आकडे पुष्कळ होते. पण ही तुलना कोणालाही कळावी अशी. गुरुजी, मुलांना हेच सांगा: पुरावा असा निवडावा, की तो नाकारताना समोरच्याला स्वतःचीच वही फाडावी लागेल.