शुभंकराची कुळकथा

जागतिक फुटबॉल स्पर्धा १९३०पासून भरत आली, पण तिला पहिला शुभंकर मिळाला तो १९६६ साली, इंग्लंडमध्ये. वर्ल्ड कप विली त्याचं नाव. दोन पायांवर उभा असलेला सिंह, अंगात युनियन जॅकचा, म्हणजे साऱ्या ब्रिटनच्या झेंड्याचा, सदरा. ब्रिटनमधून खेळणार होता फक्त इंग्लंडचा संघ आणि त्याचा झेंडा पांढऱ्यावर तांबड्या क्रुसाचा. पण त्या काळी तिथले प्रेक्षकही युनियन जॅकच फडकावत.

विली काढला रेज हॉय या कमर्शियल आर्टिस्टनं. एनिड ब्लायटनच्या मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणारा हा माणूस. मुलांचं मन एका रेषेत पकडायची सवय त्याच्या हाताला होती, आणि इथं तीच कामाला आली. कारण शुभंकर काढणं हे नुसतं चित्र काढणं नव्हे. तेच पात्र पोस्टरवर, पेल्यावर, किल्ल्यांच्या जुडग्यावर, कापडी बाहुलीत उतरणार, तेही दुसऱ्याच्या हातून. बाह्यरेषा ठसठशीत हवी, रंग मोजके आणि सपाट हवेत, चित्र बोटभर केलं तरी चेहरा हरवता कामा नये. इतका विचार केलेल्या चित्राखाली चित्रकाराची सही मात्र नसते. विली माहीत असलेल्या किती जणांना हॉय माहीत आहे? मला हा अन्याय वाटतो.

ऑलिंपिकनं ही प्रथा अधिकृतपणे उचलली ती १९७२मध्ये, म्युनिकला. डिझायनर ओटल आयशरनं तिथे डॅक्सहुंड जातीचा कुत्रा आणला, वाल्डी. आयशरची बायको इंगे ही नाझींनी मारलेल्या हान्स आणि सोफी शोल यांची बहीण. त्यानं म्युनिकच्या रंगसंगतीतून नाझींचे तांबडा आणि काळा हे रंग टाळले आणि वाल्डीला आकाशी, हिरव्या, पिवळ्या, नारिंगी पट्ट्यांत रंगवलं. त्या वर्षीच्या मॅरेथॉनचा मार्गही वाल्डीच्याच आकाराचा आखला होता. शुभंकराला एवढा मान त्याआधी कुठे मिळाला होता?

१९८०च्या मॉस्को ऑलिंपिकचं अस्वल, मिशा, हेही मुलांच्या पुस्तकांच्या चित्रकाराचंच, व्हिक्टर चिझिकोव्हचं. मिशाच्या कमरपट्ट्यावर ऑलिंपिकची पाच वर्तुळं होती.

आपल्याकडे अप्पू आला १९८२च्या दिल्ली आशियाडला. हत्तीचं ते गोंडस पिल्लू स्पर्धेबरोबर संपलं नाही. १९८४मध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानावर मुलांसाठी करमणूक उद्यान उघडलं, तेव्हा त्याला नाव दिलं ‘अप्पू घर’.