जुन्या मराठी शाळेतील वाचन व मुलांची पहिली पुस्तके

जुन्या दप्तराचा रुमाल सोडल्यावर संग्राहकास जे कागद प्रथम बाजूस टाकावेसे वाटतात, त्यांविषयी चार शब्द लिहावयाचे आम्ही योजिले आहे. पोरांनी गिरविलेले कित्ते, उजळणीची पाने, अर्धवट खोडलेले पत्रांचे मायने, असे हे कागद. त्यांत तह नाही, सनद नाही, मितीही बहुधा नाही. तथापि मराठी मुलास वाचनाची गोडी कशी लागली याचा शोध करावयाचा तर हेच कागद साक्षीस बोलवावे लागतील, अशी आमची समजूत आहे. आणि ती आम्हांस फार उशिरा झाली.

पंतोजीची शाळा कोणाच्या तरी ओसरीत किंवा देवळाच्या पडवीत भरे. ‘ओं नमः सिद्धम्’ यापासून झालेला ‘ओनामा’ हा तिचा आरंभ. धूळपाटीवर मुळाक्षरे व बाराखडी, मग अंकांची उजळणी, पावकी, निमकी, सवायकी, औटकी, आणि सायंकाळी परवचा. छडीविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे, ते पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. 1820 ते 1830 या दशकातील देशी शाळांचे कागद रा. वि. परुळेकर यांनी संपादून 1945 मध्ये प्रसिद्ध केले. ते चाळले असता दिसते की, या शाळांत छापील पुस्तक असे नव्हतेच. मूल वाचावयास शिके ते पुस्तकावाचून.

येथे आम्हां संस्कृत शिकलेल्यांस पाणिनीयशिक्षेची आठवण होते. तीत अधम पाठक सहा सांगितले आहेत: गाऊन म्हणणारा, घाईने म्हणणारा, मान हलविणारा, लिहिलेले पाहून वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि क्षीण आवाजाचा. यांपैकी चौथा आधुनिक वाचकास चमत्कारिक वाटेल. लिहिलेले पाहून वाचणे हाच जेथे दोष, तेथे ग्रंथावर प्रीती कशी जडावी? परंतु त्याच यादीत अर्थ न जाणणाराही आहे, हे आमच्या पाठशाळांनी व पंतोजींनी सारखेच विसरावे, हे नवल. मान हलवीत, सुरावर, अर्थावाचून पाढे म्हणणारी पोरे शिक्षाकाराने ऐकली असती तर सहांपैकी तीन दोष एकाच दमात मोजले असते.

मग त्या शाळेत अर्थाचा प्रवेश कोठून होई? आमचे उत्तर असे की, पत्रवाचनातून. अक्षर बसल्यावर मुलाच्या हाती जुनी मोडी पत्रे देत. मोडीची रीत वाचकांस ठाऊकच आहे. आधी सबंध ओळीची रेघ ओढावयाची आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरे लावीत जावयाची. शब्द सुटा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. अशी ओळ नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही. कोण कोणास लिहितो, मागतो काय, रागावला आहे की आर्जव करतो आहे, हे मनात आल्याखेरीज शब्द तुटत नाहीत. दप्तरात नव्याने बसणाऱ्या संशोधकास आजही हाच अनुभव येतो. तेव्हा त्या शाळेत पाढ्यांस बुद्धी लागत नसली तरी पत्रास लागे. आणि पत्र म्हणजे कोणीतरी कोणाशी तरी बोलणे. वाचन व संभाषण ही मुलाच्या ठायी प्रथम एकत्र आली ती येथे. यास जोड होती ती कीर्तनाची व पुराणाची, जेथे निरक्षर आजीही श्रोती म्हणून नातवाच्या बरोबरीची असे.

आता छापील गोष्टीकडे वळू. मराठी मुलासाठी छापलेले पहिले गोष्टींचे पुस्तक पुण्यामुंबईकडे शोधू जाणे व्यर्थ आहे. तंजावरास सरफोजीराजांनी नवविद्याकलानिधि नावाची शाळा व छापखाना चालविला होता. तेथे 1806 मध्ये ‘बालबोधमुक्तावली’ छापली गेली. इसापाच्या कथांचे सक्खण पंडितांनी केलेले हे मराठी रूप होय. कावेरीकाठी, तमिळ मुलखात, मराठी पोरांसाठी ग्रीक गोष्ट देवनागरीत छापली जाते आणि महाराष्ट्रास तिची वार्ताही नसते, ही आमच्या इतिहासातील एक विलक्षण गोष्ट आहे. श्रीरामपुरास 1814 मध्ये ‘सिंहासनबत्तिशी’ व 1815 मध्ये ‘हितोपदेश’ मोडी ठशांत निघाले खरे, पण ते कंपनीच्या गोऱ्या चाकरांस मराठी यावी म्हणून. गोष्ट आपली, आणि वाचणार साहेब!

मुंबईत ‘हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळी’ 1822 मध्ये स्थापन झाली. शाळांस पुस्तके पुरविणे अगत्याचे आहे, असे एल्फिन्स्टनसाहेबांनीही आपल्या शिक्षणविषयक टिपणात आवर्जून मांडिले. या मंडळीच्या कामांत आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचे. त्यांची इसापनीती आणि ‘बाळमित्र’ भाग पहिला ही दोन्ही 1828 ची, ‘वेताळपंचविशी’ 1830 ची. इसापाचे नाव घरोघर झाले, म्हणून छत्र्यांची कीर्ती त्यावरच उभी आहे. आमचे मत निराळे आहे. ‘बाळमित्र’ हे बेर्कँ नावाच्या फ्रेंच ग्रंथकाराच्या पुस्तकावरून, इंग्रजीच्या द्वारे, आणिलेले आहे. मूळ पुस्तक 1782-83 मध्ये मासिक अंकांनी निघत असे, आणि त्यात कथांबरोबर मुलांचे संवाद व लहान नाटके होती. इसापात कोल्हा बोलतो, करकोचा बोलतो आणि शेवटी तात्पर्य बोलते. बेर्कँच्या पुस्तकात मुले बोलतात. हा भेद लहान नाही. तात्पर्य पाठ करता येते, पण संवादास दुसरा वाचणारा लागतो. आम्ही वर्गात पुष्कळ वर्षे हा अनुभव घेतला की, एकट्याने उभा राहून वाचताना जो मुलगा अडखळे, तोच एका पात्राचा भाग दिला असता नीट वाची, कारण समोरचा उत्तराची वाट पाहत असे.

पुढे 1860 च्या सुमारास मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली तयार झालेली क्रमिक पुस्तके शाळाखात्याने चालविली. कँडीसाहेबांचे उपकार मोठेच. कोठे थांबावे हे मराठी वाचकास त्यांच्या विरामचिन्हांनी शिकविले. परंतु वर्षास एक पुस्तक, तेच सर्वांस, त्यावरच परीक्षा; मग पाढ्यांची घोकंपट्टी गद्यास लागावयास उशीर तो किती? विनायक कोंडदेव ओक यांनी 1881 मध्ये ‘बालबोध’ मासिक काढून ही कोंडी फोडली. ज्यावर परीक्षा नाही असे वाचन, तेही दरमहा नवे, मुलाच्या हाती आले. 1914 मध्ये ओक वारले तोवर ते त्यांनी चालविले.

आता आमच्या हातून घडलेला प्रमाद सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका कुळकर्ण्यांच्या घरून आम्हांस एक रुमाल मिळाला. मितीची पत्रे आम्ही जपून ठेविली. कित्त्यांचा गठ्ठा मात्र निरुपयोगी म्हणून रद्दीत दिला. त्याचे वेष्टण असलेला एकच बंद चुकून राहिला. तो पुढे कैक वर्षांनी, मोडीचा हात बसल्यावर, आम्ही सावकाश वाचला. त्यावर वडील माणसास लिहावयाच्या पत्राचा मायना सात वेळा गिरविला आहे. सहा वेळा तो जसाच्या तसा आहे. सातव्या वेळी मायना संपतो आणि पोर थांबत नाही: मामास विचारते की गाय व्यायली काय, आणि कालवड झाली असल्यास तिचे नाव आपण येईपर्यंत ठेवू नये. पुढे कागद फाटला आहे.

त्या गठ्ठ्यात असे आणखी किती बंद होते हे आता कळावयाचे नाही. ज्यांच्या संग्रही कित्ते, उजळण्या, शिळाछाप शाळापुस्तके किंवा ‘बालबोधा’चे सुटे अंक असतील, त्यांनी ती टाकून न देता त्यांची यादी मंडळाकडे पाठवावी, अशी विनंती आहे. पुस्तकांच्या समासांत मुलांनी काही लिहिले असल्यास तेही यादीत नोंदवावे, खोडू नये. आमच्याकडील बंद पाहू इच्छिणाऱ्यांस दाखविण्यात येईल.