चॅटमधले शॉर्टफॉर्म ऑफिसच्या ईमेलमध्ये का नकोत?

नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. रिलीजच्या सूचनांमध्ये मी घाईत ‘कॉपी २ सर्व्हर’ असं लिहिलं. माझ्या डोक्यात ‘२’ म्हणजे इंग्रजी ‘टू’, म्हणजे फाइल्स टेस्टच्या सर्व्हरवर टाका. सहकाऱ्याने वाचलं ‘सर्व्हर नंबर २’. तिथे ग्राहकांचं काम सुरू होतं. अर्धवट तपासलेल्या फाइल्स तिथे गेल्या आणि रात्री दोनपर्यंत आम्ही जुन्या फाइल्स परत टाकत बसलो. चूक सहकाऱ्याची नव्हती, माझीच होती.

ही सवय आली कुठून?

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेला. एका एसएमएसमध्ये १४० बाइट बसतात, म्हणजे इंग्रजीची १६० अक्षरं. देवनागरीत लिहिलं की ही मर्यादा थेट ७० वर येते. शिवाय काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘स्त्री’ हा एवढासा शब्द सहा जागा खातो! त्यात बटणांच्या फोनवर एका अक्षरासाठी तीन-चार वेळा बटण दाबावं लागायचं. म्हणून आपण रोमन लिपीत मराठी लिहायला लागलो आणि त्यातले स्वरही गाळायला लागलो. आज ती मर्यादा जाणवत नाही, सवय मात्र राहिली.

मग शॉर्टफॉर्म वाईटच का?

अजिबात नाही. आजोबांच्या पत्रातलं ‘सा. न. वि. वि.’ आणि ‘ता. क.’ हे शॉर्टफॉर्मच आहेत. पण त्यांचा अर्थ लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असायचा. चॅटमध्येही तसंच असतं, कारण समोर आपला मित्र असतो आणि नाही कळलं तर तो लगेच विचारतो. नोकरीचा अर्ज, बँकेला तक्रार किंवा कामाच्या सूचना वाचणारा माणूस अनोळखी असतो. तो विचारत नाही, स्वतःच अर्थ लावतो. खरी अडचण इथे आहे.

काय करायचं?

१. शॉर्टफॉर्म पहिल्यांदा वापरताना पूर्ण शब्द लिहा, मग कंसात शॉर्टफॉर्म द्या.

२. शब्दाऐवजी आकडा कधीच नको. तारीख, वेळ आणि रक्कम पूर्ण लिहा.

३. टाइप करायचा कंटाळा येतो? जीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘पर्सनल डिक्शनरी’ आहे, आयफोनमध्ये ‘टेक्स्ट रिप्लेसमेंट’. तिथे ‘धन्य’ला ‘आपला विश्वासू’ किंवा पूर्ण पत्ता जोडून ठेवा. तुम्ही शॉर्टफॉर्म टाइप करा, फोन पूर्ण वाक्य सुचवेल.

४. जीमेलमध्ये ‘अनडू सेंड’ची वेळ कॉम्प्युटरवरून ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. ती वाढवून ठेवा.

मी आजही मित्रांना ‘ओके’ऐवजी नुसतं ‘के’ पाठवतो. पण कामाचा मेल पाठवण्याआधी एकदा स्वतःला विचारतो: मला न ओळखणाऱ्या माणसाला हे कळेल का?