बापाचा गुण लेकीत : वळू निवडण्याचा इतिहास

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, केशोरी नावाचे गाव आहे. मिरचीसाठी ते ओळखले जाते, पण भोवतालचे शिवार धानाचे. एका पावसाळ्यापूर्वी तेथल्या शाळेत आनुवंशिकतेवर बोलायला गेलो होतो. मेंडेलचे वाटाणे संपले आणि एका गुरुजींनी विचारले, "सर, वाटाण्याचे समजले. पण माझ्या गायीला वळू कोणता लावू? जर्सीची कांडी भरली तर गोऱ्हा चिखलात चालत नाही, गावातल्या गोऱ्ह्याकडून भरली तर दूध चहापुरते." शेजारी बसलेले एक वृद्ध शेतकरी मध्येच म्हणाले, "बापाचा गुन लेकराच्या कामातून मालूम होते, साहेब. आधी कसा सांगान?"

आजोबांच्या त्या एका वाक्यापर्यंत पोहोचायला पशुपैदाशीच्या शास्त्राला सुमारे दोनशे वर्षे लागली, हे त्या दिवशी सांगायचे राहून गेले. म्हणून हा लेख.

आधी वळूच का, हे पाहू. गाय आयुष्यात सात-आठ वासरे देते. त्यांतील निम्मे गोऱ्हे धरले तर तिच्या मागे गोठ्यात चार कालवडी उरतात. वळूला मात्र गावच्या कळपात वर्षाकाठी पन्नाससाठ वासरे होतात. प्रत्येक वासराला अर्धा वारसा आईकडून, अर्धा बापाकडून, हा हिशेब सगळीकडे सारखाच. पण शंभर गायींच्या कळपात आया शंभर असतात आणि बाप एक किंवा दोन. म्हणजे पुढच्या पिढीचा अर्धा वारसा एकदोन जनावरांच्या हाती असतो. उद्या गोठ्यात जुन्या गायीची जागा घेणारी कालवड कशी निपजेल, हे ठरवण्याची खरी संधी वळू निवडतानाच मिळते.

आपल्याकडे ही निवड होत होती का? होत होती, पण बहुधा उलटी. गायकी सकाळी आखरावर गुरे गोळा करी आणि सगळा कळप रानात नेई. त्या कळपात ज्याला कुणी अजून खच्ची केलेले नाही असा प्रत्येक गोऱ्हा बाप होऊ शके. आता शेतकऱ्याच्या बाजूने विचार करा. अंगाने भरलेला, पायाने मजबूत गोऱ्हा दिसला की तो नांगरासाठी राखायचा, म्हणजे खच्ची करायचा. मागे उरे तो किरकोळ, दुर्लक्षित गोऱ्हा, आणि कळपात तोच वंश वाढवी. देवाच्या नावाने सोडलेले वळू पुष्कळदा उत्तम असत, पण ते थोडे. शिवाय एकच वळू चार-पाच वर्षे त्याच कळपात राहिला की त्याची गाठ स्वतःच्याच लेकींशी पडे. बाप-लेकीच्या संबंधातून झालेल्या वासरात अंतःप्रजननाचा गुणांक २५ टक्के येतो, म्हणजे दडलेले दोष उघडे पडण्याची शक्यता बरीच वाढते.

लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली १९२६ साली नेमलेल्या शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात या प्रश्नाचे एक दुष्टचक्र मांडले. जनावरे निकृष्ट म्हणून कामाला जास्त जनावरे पाळावी लागतात. जास्त जनावरे पाळली म्हणून चारा अपुरा पडतो. चारा अपुरा म्हणून पुढची पिढी आणखी निकृष्ट. निदान बरोबर होते. पुढे हेच लिनलिथगो व्हाइसरॉय होऊन आले तेव्हा त्यांनी धनिकांना गावोगाव चांगले वळू दान करण्याचे आवाहन केले. हेतू चांगला होता. पण चांगला वळू म्हणजे कोणता, हा प्रश्न त्यात शिल्लकच राहिला. डौलदार वशिंड, रुंद छाती, तेजस्वी डोळे हे निकष नजरेचे. नजरेला बैल दिसतो; त्याच्या लेकी किती दूध देतील ते दिसत नाही.

नजरेच्या पलीकडे जाण्याचा पहिला मोठा प्रयत्न अठराव्या शतकात इंग्लंडमधील लिस्टरशायरच्या रॉबर्ट बेकवेल या शेतकऱ्याने केला. तो आपले मेंढे आणि वळू विकत नसे. हंगामापुरते भाड्याने देई. लोकांना तो धंदा वाटला, आणि तो होताही. पण त्यामुळे एकाच नराची संतती वेगवेगळ्या कळपांत पाहायला मिळे आणि ज्याची संतती उत्तम निघे तो नर बेकवेल परत आणून आपल्या कळपात वापरी. आपले केशोरीचे आजोबा जे म्हणाले तेच! बेकवेलने मात्र आपली वही कुणाला दाखवली नाही.

त्याच्या मागून आलेल्या पशुपालकांनी वंशावळी छापायला सुरुवात केली. शॉर्टहॉर्न गुरांची पहिली वंशावळ १८२२ साली निघाली. १८१० साली याच जातीचा ‘कॉमेट’ नावाचा वळू एक हजार गिनींना विकला गेला होता. स्कॉटलंडमधील काळ्या, बिनशिंगी अँगस गुरांचा ग्रंथ १८६२ साली आला. त्यात पहिला क्रमांक ह्यू वॉटसन यांच्या ‘ओल्ड जॉक’ या वळूला मिळाला. वॉटसन यांच्याच ‘ओल्ड ग्रॅनी’ या गायीने २९ वासरे दिली आणि ती ३५ वर्षे जगली असे सांगतात. अँगस हे मांसासाठीचे गुरू, आपल्याकडे त्याचे काम नाही. पण त्याच्या पैदाशीतली एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. पहिलारू कालवडीला अँगसचा वळू आवर्जून लावतात, कारण त्याची वासरे जन्मतः लहान असतात आणि कालवड सुखरूप विते. म्हणजे वळू निवडताना लेकीच्या गुणांइतकाच आईच्या जिवाचाही विचार करावा लागतो. केशोरीकडची गाय लहान चणीची. तिला होल्स्टीनची कांडी भरली आणि वासरू अडले तर दुधाचा हिशेब करायला गायच उरत नाही. लहान गायीला होल्स्टीनऐवजी जर्सी सुचवतात ते याच कारणाने.

मांसाचे एक बरे असते: वळूच्या स्वतःच्या अंगावरून थोडाफार अंदाज बांधता येतो. दुधाचे तसे नाही. वळू दूध देत नाही. मग त्याची परीक्षा घ्यायची कशी? डेन्मार्कमधील व्हायेन येथे १८९५ साली शेतकऱ्यांनी एकत्र येऊन गायींचे दूध नियमित मोजायला सुरुवात केली, आणि मोजमापाची वही हे पैदाशीचे हत्यार बनले. अमेरिकेत जे लश यांनी १९३७ च्या आपल्या ग्रंथात या विषयाला गणिताची शिस्त लावली. १९५० साली एडिंबरोच्या रॉबर्टसन आणि रेंडेल यांनी कृत्रिम रेतनाच्या जोडीने लेकींवरून वळूची पारख कशी करावी याचा आराखडा मांडला.

हे गणित वर्गात फळ्यावर करण्यासारखे आहे. दुधाची आनुवंशिकता साधारण २५ टक्के धरू. म्हणजे गायींच्या दुधात जो फरक दिसतो त्यातला पाव हिस्सा वारशाचा. बाकीचा चारा, पाणी, आजार, निगा यांचा. आता एखाद्या वळूच्या आईचे एका वेताचे दूध आपल्याला माहीत आहे. त्यावरून वळूच्या गुणाचा अंदाज कितपत विश्वासार्ह? फक्त सहा टक्के! आईची हजार वेते मोजली तरी ही विश्वासार्हता २५ टक्क्यांपुढे जात नाही. आई आणि बाप दोघांचे खरे गुण देवाने कानात सांगितले, तरी ५० टक्के. कारण प्रत्येक वासरू आईबापांच्या वारशातला कोणता अर्धा भाग उचलते हे नशिबाचे असते. सख्खे भाऊ सारखे नसतात हे वर्गात बसलेल्या मुलांना वेगळे सांगायला नको.

लेकी मोजल्या तर? वेगवेगळ्या आयांपासून झालेल्या लेकींची संख्या ‘न’ असेल, तर विश्वासार्हता न भागिले (न अधिक १५) इतकी येते. पाच लेकी, २५ टक्के. पंधरा लेकी, ५० टक्के. पंचेचाळीस लेकी, ७५ टक्के. पाच लेकींनी सांगितलेली गोष्ट हजार वेते मोजलेल्या आईइतकी भरवशाची ठरते. विद्यार्थिदशेत मीसुद्धा वळूच्या जाहिरातीत आधी ‘आईचे कमाल दूध’ पाहत असे. हे सूत्र हाताने सोडवल्यावर ती सवय गेली. आजही बाजारात तोच आकडा सर्वांत मोठ्या अक्षरात छापलेला असतो.

या पद्धतीची किंमत मात्र वेळेत मोजावी लागते. वळू दोन वर्षांचा झाल्यावर त्याचे रेत वापरायचे, नऊ महिन्यांनी वासरे, त्यातल्या कालवडी तीन-चार वर्षांनी वितात, मग दहा महिने दूध मोजायचे. निकाल हाती येईपर्यंत वळू सात-आठ वर्षांचा झालेला असतो, किंवा मेलेला.

मेलेल्या वळूचाही उपयोग होऊ लागला तो गोठीत रेतामुळे. भारतात कृत्रिम रेतनाचा पहिला प्रयोग १९३९ साली म्हैसूरच्या पॅलेस डेअरी फार्ममध्ये संपत कुमारन यांनी केला. तेव्हा ताजे रेत वापरत, ते फार तर दोन-चार दिवस टिके. १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांना कोंबड्याच्या शुक्रजंतूंवर काम करताना ग्लिसरॉलचा गुण सापडला, तोही बाटल्यांच्या चिठ्ठ्यांच्या घोटाळ्यातून. ग्लिसरॉल मिसळले की शुक्रजंतू गोठूनही जगतात. आज उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रव नायट्रोजनमध्ये कांड्या वर्षानुवर्षे राहतात. वळूच्या एका वेळच्या सुमारे पाच मिलिलीटर रेतात पाचशे कोटी शुक्रजंतू धरले आणि एका कांडीत दोन कोटी भरले, तर अडीचशे कांड्या होतात. गावचा वळू वर्षाला पन्नास वासरांचा बाप होई. प्रयोगशाळेतला वळू एका सकाळी अडीचशे गायींची सोय करतो.

महाराष्ट्रात हे तंत्र गोठ्याच्या दारापर्यंत नेण्यात मणिभाई देसाई यांचे नाव पुढे येते. गांधीजींबरोबर १९४६ साली उरुळीकांचनला आलेले मणिभाई तिथेच राहिले. गीर गायींचा कळप त्यांनी तिथे उभा केला आणि १९६७ साली बाएफ ही संस्था स्थापन केली. गाय रेतन केंद्रावर न्यायची नाही, रेतन करणारा माणूस गोठ्यावर जायचा, ही तिची पद्धत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय तयार केली. पश्चिम महाराष्ट्रातल्या ओलिताच्या चाऱ्यावर संकरित गायीने घरे उभी केली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण पहिल्या संकराची कालवड दाखवून जे स्वप्न विकले गेले, त्यात एक गोष्ट सांगायची राहिली. दोन लांबच्या जातींच्या पहिल्या संकरात एक वाढीव जोम असतो. त्या संकरित गायीला संकरितच वळू लावला की पुढच्या पिढीत तो जोम निम्मा होतो. उलट परदेशी रक्त चढवत गेले तर दूध वाढते, पण ऊन आणि गोचीड सोसण्याची ताकद घटते. म्हणून परदेशी रक्त पन्नास टक्क्यांच्या आसपास राखावे असा सल्ला दिला जातो. त्यासाठी प्रत्येक गायीच्या बापाची नोंद हवी. ती ठेवायची कुणी?

नोंद उत्तम असूनही चूक कशी होते याचे उदाहरण अमेरिकेचे आहे. १९६२ साली जन्मलेल्या ‘पॉनी फार्म अर्लिंडा चीफ’ या होल्स्टीन वळूच्या लेकी इतक्या दुधाळ निघाल्या की त्यांची संख्या सोळा हजारांवर गेली. आज अमेरिकन होल्स्टीनच्या जनुकसंचातला सुमारे १४ टक्के भाग त्याच्याकडून आलेला मानतात. याच वळूकडे एक सदोष जनुक होते. ते दोन्ही बाजूंनी मिळाले तर गर्भ पोटातच मरतो. दुधाच्या वहीत गर्भपाताचा रकाना नव्हता, म्हणून ही गोष्ट कळायला अर्धे शतक गेले. तोवर जगभरात या दोषाने सुमारे पाच लाख गर्भ गेले असावेत असा अंदाज आहे. आणि तरीही दुधाच्या वाढीतला फायदा तोट्याच्या कित्येक पट होता! पैदाशीचे हिशेब असे असतात. त्यांत एका वाक्यात बरेवाईट सांगता येत नाही.

२००१ साली म्युविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी डीएनएवरच्या हजारो खुणांवरून जनावराचा गुण अजमावण्याची रीत मांडली. २००९ पासून अमेरिकेत ती होल्स्टीनसाठी अधिकृत झाली. आता वासरू जन्मले की रक्ताच्या थेंबावरून सांगता येते आणि सात-आठ वर्षांची वाट टळते. भारतीय गुरांसाठी बनवलेल्या ‘गौ चिप’चे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या विदर्भातच, वाशीमला झाले. मात्र चिप स्वतः काही जाणत नाही. आधी हजारो जनावरांची मोजमापे घेऊन तिला शिकवावे लागते, आणि ज्यांची मोजमापे नाहीत त्यांच्याबद्दल ती गप्प असते.

इथे पुन्हा केशोरीकडे येऊ. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे २०२३ च्या आरंभी नोंदल्या गेलेल्या जातींत विदर्भातील ‘कठाणी’ ही गुरांची जात आहे. थोडे दूध आणि ओढकाम, विशेषतः धानाच्या चिखलातले ओढकाम, ही तिची ओळख. पिढ्यान्‌पिढ्या लोक ज्यांना नुसते ‘गावठी’ म्हणत आले, त्यांतल्या एका वंशाला असे नाव मिळाले. पण तोवर देशातले चित्र पालटले होते. २०१९ च्या पशुगणनेत देशी गुरे १४.२१ कोटी भरली. आधीच्या गणनेपेक्षा ६ टक्क्यांनी कमी. संकरित आणि परदेशी गुरे ५.०४ कोटी, जवळजवळ २७ टक्क्यांनी जास्त. नाव मिळाले त्या काळातच शेतकरी ट्रॅक्टरकडे आणि कांडीकडे वळत होता.

गुरुजींना मी त्या दिवशी जे सांगितले ते असे. दोन गायी असतील तर दोघींना एकच वळू नको. ओलिताचा चारा असेल तर एकीला जर्सीची कांडी भरा, आणि दूध मोजलेल्या लेकी किती ते विचारून भरा. दुसरी, चिखलाचे बैल ज्या वंशात निघतात ती, त्याच वंशाच्या गोऱ्ह्याकडे न्या. मात्र तो गोऱ्हा खच्ची होण्याआधी निवडून ठेवा, आणि तीन वर्षांनी दुसऱ्या गावच्या गोऱ्ह्याशी बदला. गुरुजींनी विचारले, "आणि पंधरा लेकींची वही?" ती शाळेत ठेवता येईल, असे मी म्हणालो. वर्गात चाळीस मुले, बहुतेकांच्या घरी गाय. कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो, गायीच्या कानातल्या बिल्ल्यावर बारा अंक असतात. दोन्ही उतरवून घ्यायचे, आणि वासरू झाले की महिन्यातून एकदा सकाळ-संध्याकाळचे दूध मापून लिहायचे.

पुढच्या वर्षी ती वही पाहायला मिळाली. अकरा गायींच्या नोंदी होत्या, सातांच्या पुढे बापाचा रकाना कोरा. एका मुलीने मात्र शेवटच्या पानावर रेघ ओढून स्वतःचा एक रकाना वाढवला होता: ‘रोवणीच्या चिखलणीत किती वेळ चालला’. त्यात तिच्या घरच्या दोन बैलांपुढे, तारखेसह, सकाळच्या पाळीचे तास आणि मिनिटे लिहिलेली होती. हा रकाना मी कुठल्याही सरकारी नमुन्यात पाहिलेला नाही.